आईच्या टीव्हीवर व्हीएलसी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्याला आईच्या घरी ३२ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे आणि इंटरनेट म्हणजे तिच्या मोबाइलला मिळणारा दिवसाचा दीड जीबी डेटा. एवढ्या डेटावर रोज चित्रपट पाहणे शक्य नाही. म्हणून मी पुण्याच्या घरी चित्रपट डाउनलोड करते, पेनड्राइव्हवर भरते आणि महिन्यातून एकदा जाते तेव्हा तो तिला नेऊन देते. ही व्यवस्था पहिल्याच संध्याकाळी अडली. पडद्यावर चित्र आले, आवाज मात्र आला नाही आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटली की हा ऑडिओ चालत नाही. टीव्ही विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला, तेव्हा त्याने हे मॉडेल जुने झाले असून नवा टीव्ही घ्यावा लागेल, असे सांगितले. नवा टीव्ही घ्यावा लागला नाही. त्याच टीव्हीवर व्हीएलसी हे चित्रपट चालवणारे मोफत ॲप घातले आणि तीच फाइल आवाजासकट सुरू झाली. गेले सहा महिने ते रोज वापरात आहे.

असे का झाले, हे नंतर नीट वाचून समजून घेतले. एमकेव्ही किंवा एमपी४ हे फाइलचे नुसते वेष्टन असते. आतले चित्र एका पद्धतीने आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने आवळून भरलेला असतो. एसी-३ आणि डीटीएस या आवाजाच्या पद्धती अनेक टीव्हींच्या स्वतःच्या प्लेअरला उलगडता येत नाहीत, आणि मग मुका चित्रपट पाहायची वेळ येते. या पद्धती उलगडण्याची सामग्री व्हीएलसी स्वतःबरोबरच घेऊन येते, त्यामुळे टीव्हीच्या कंपनीने काय दिले आहे आणि काय नाही, यावर ते फारसे अवलंबून राहत नाही. पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून ते निर्माण झाले, २००१ पासून त्याचा मूळ प्रोग्राम (सोर्स कोड) सर्वांना खुला आहे आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. त्यात जाहिराती नाहीत आणि खाते उघडण्याचा आग्रहही नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात रिमोट द्यायचा असेल, तर ही फार मोठी सोय आहे, कारण चुकून दाबले गेलेले बटण आईला कुठल्या तरी जाहिरातीत नेऊन सोडत नाही.

माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे, आणि तो आईने दाखवून दिला. पेनड्राइव्हवर ‘संत तुकाराम’ होता, १९३६ सालचा प्रभातचा. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरवर तो लावल्यावर आई दोन मिनिटे पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, पागनीस असे गालफुगे कधी होते?” तिचे बरोबर होते. त्या काळच्या चित्रपटांची चौकट रुंदी-उंचीच्या जवळजवळ चारास तीन या प्रमाणात असते, तर आजचा टीव्ही सोळास नऊ. पडदा भरून टाकण्याच्या हट्टापायी टीव्ही ते चित्र आडवे ताणत होता. तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा तो शांत, निमुळता चेहरा पसरट झाला होता आणि गळ्यातली वीणाही बुटकी दिसत होती. व्हीएलसीत तोच चित्रपट लावला, तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे चेहरा जसा असायला हवा तसा उभा राहिला. काही प्रती मुळातच ताणून साठवलेल्या असतात. त्यांच्यासाठी चालू चित्रपटातच पर्याय उघडून चित्राचे प्रमाण ४:३ करता येते. पट्ट्या दिसतात म्हणून चित्र ताणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एकदा मूळ प्रमाणात चित्रपट पाहावा, मग त्या चौकटीसाठीच पात्रे कशी उभी केली आहेत, हे लक्षात येते.

डाउनलोड म्हणजे चोरी, असा समज असणाऱ्यांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रपट प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो, त्यामुळे प्रभातच्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या चित्रपटांची मुदत केव्हाच संपली आहे. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहासारख्या ठिकाणी असे जुने चित्रपट उतरवून घेता येतात, आणि मी तेवढेच उतरवते. ओटीटीच्या ॲपमध्ये फोनवर ‘डाउनलोड’ केलेला चित्रपट हा वेगळा प्रकार आहे. तो कुलूपबंद असतो, त्याच ॲपमध्ये चालतो आणि पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावता येत नाही. व्हीएलसीही ते कुलूप उघडत नाही, तेव्हा त्या आशेने ते घेऊ नये.

पेनड्राइव्हबाबत एक अडचण हमखास येते. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर बसत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला, तर अनेक जुने अँड्रॉइड टीव्ही तो ओळखत नाहीत, आणि तिथे व्हीएलसीचाही इलाज चालत नाही, कारण मुळात टीव्हीलाच पेनड्राइव्ह दिसत नसतो. आईच्या टीव्हीवर एनटीएफएस ही तिसरी पद्धत चालली. आपल्या टीव्हीवर काय चालते, हे एका लहान फाइलने आधी पाहून घ्यावे. मोठी हार्डडिस्क लावणार असाल, तर टीव्हीच्या यूएसबीतून मिळणारी वीज तिला पुरेलच असे नाही.

सबटायटलची सोय चांगली आहे. चित्रपटाच्या फाइलला जे नाव, तेच नाव सबटायटलच्या एसआरटी फाइलला देऊन ती शेजारी ठेवली, की व्हीएलसी ती आपोआप उचलते. मराठी मजकूर असेल, तर ती फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच साठवावी, नाहीतर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अक्षरे संवादाच्या मागेपुढे होत असतील, तर तेवढे अंतर तिथल्या तिथे कमीजास्त करता येते. आईला ऐकू कमी येते, त्यामुळे ही सोय आमच्याकडे चैनीची नाही.

उणिवाही आहेत. कोडी या दुसऱ्या मोफत ॲपमध्ये चित्रपटांची पोस्टरे आणि कलाकारांची माहिती देखणी मांडता येते. व्हीएलसीत फाइलचे नाव आणि एक छोटे चित्र, एवढ्यावरच भागवावे लागते, म्हणून मी प्रत्येक फाइलला देवनागरीत नाव देते. सेटिंगची पाने लांबलचक आहेत आणि पहिल्या दिवशी ती घरातल्या जाणत्या माणसानेच लावून द्यावीत. कमी ताकदीच्या टीव्हीवर ४के, म्हणजे अतिशय बारकाव्याच्या चित्राची मोठी फाइल अडखळू शकते. जुन्या चित्रपटांना तेवढ्या आकाराची गरजही नसते, तेव्हा लहान प्रत घ्यावी. स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावांची ॲप्स असतात, त्यांतले नारिंगी-पांढऱ्या शंकूचे मूळ ॲपच निवडावे. अँड्रॉइड नसलेल्या टीव्हीसाठी यूएसबी असलेला अँड्रॉइड बॉक्स हा सोपा मार्ग आहे.

आई सव्वादोन तास सलग बसत नाही. दिवेलागणीनंतर अर्धा तास पाहते आणि भाकरी टाकायला उठते. चित्रपट जिथे सोडला तिथूनच दुसऱ्या दिवशी सुरू होतो, ते तिला कोणी शिकवावे लागले नाही. मागच्या खेपेला पेनड्राइव्ह बदलायला गेले, तेव्हा अकरापैकी नऊ चित्रपटांवर पूर्ण पाहिल्याची खूण होती. उरलेले दोन काढू नकोस, असे तिने बजावले आणि नव्या पेनड्राइव्हवर ‘संत तुकाराम’ पुन्हा घालून घेतला.