चंद्रावरील खनिजे: भारताने चंद्र करार धरावा की आर्टेमिस करार?

भारताची स्वाक्षरी आज दोन वेगळ्या वळणांच्या दस्तऐवजांवर आहे. १९७९ च्या चंद्र करारावर भारताने १८ जानेवारी १९८२ रोजी सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतर करार बंधनकारक म्हणून स्वीकारणारी औपचारिक मंजुरी, दिले नाही, म्हणून तो भारतावर बंधनकारक नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने आखलेला, चंद्रमोहिमांसंबंधीचा आणि भारताने २१ जून २०२३ रोजी सही केलेला आर्टेमिस करार तर मुळातच कायदेशीर बंधन नसून राजकीय बांधिलकी आहे. चंद्र कराराला आता अनुसमर्थन द्यावे की त्याच्याकडे कायमची पाठ फिरवावी, एवढाच प्रश्न उरतो.

दोन्हींचा पाया १९६७ चा बाह्य अवकाश करार हाच आहे. त्यानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. परंतु तिथून उपसलेल्या खनिजाचा मालक कोण, याचे स्पष्ट उत्तर त्यात नाही आणि इथूनच दोन वाटा फुटतात.

चंद्र कराराचे अकरावे कलम तिथली साधनसंपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा मानते आणि उत्खनन शक्य होण्याच्या बेतात आले की लाभाच्या न्याय्य वाटपाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभारावी, विकसनशील देशांच्या गरजांचा त्यात खास विचार व्हावा, असे सांगते. तत्त्व म्हणून मला हेच अधिक न्याय्य वाटते. मात्र ती व्यवस्था अद्याप अस्तित्वात नाही, अमेरिका, रशिया आणि चीन या करारात नाहीत, सदस्यसंख्या विशीच्या आतच आहे आणि जानेवारी २०२४ पासून सौदी अरेबियाही बाहेर पडला आहे. अशा वेळी अनुसमर्थन दिल्यास बंधन भारतावर येईल आणि उत्खननाची क्षमता असलेले देश मोकळे राहतील.

आर्टेमिस करार उत्खननाला आपोआप राष्ट्रीय मालकी मानत नाही, म्हणजेच केवळ उत्खननामुळे १९६७ च्या कराराचा भंग होतो असे तो समजत नाही. खासगी कंपन्यांना अवकाशातील साधनसंपत्ती मिळवून विकण्याची मुभा देणाऱ्या भारतीय अवकाश धोरण २०२३ शी हे जुळते. लाभवाटपाबाबत मात्र तो गप्प आहे.

खरी काळजी त्यातील ‘सुरक्षा क्षेत्रां’ची, म्हणजे इतरांनी कामात अडथळा आणू नये म्हणून कामाच्या जागेभोवती जाहीर केलेल्या परिसरांची, आहे. दक्षिण ध्रुवाजवळ ज्या विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही तिथे बर्फ आहे, आणि जवळच्या काही उंच कडांवर वर्षाचा बराच काळ सूर्यप्रकाश मिळतो. पाणी आणि वीज दोन्ही हाताशी असलेल्या अशा जागा मोजक्याच आहेत. तिथे आधी पोहोचलेल्याने आपल्या यंत्रांभोवती क्षेत्र जाहीर केले, तर मालकी न सांगताही इतरांना दूर ठेवता येईल. क्षेत्र तात्पुरते असावे आणि सर्वांच्या मुक्त प्रवेशाचा आदर व्हावा, असे करारात म्हटले आहे खरे. पण काम दशकानुदशके चालले तर ‘तात्पुरते’ म्हणजे किती, हे कोण ठरवणार?

ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स दोन्हीकडे आहेत, म्हणजे एक धरण्यासाठी दुसरा सोडावाच लागतो असे नाही. म्हणून माझे मत असे की भारताने चंद्र कराराला आत्ताच अनुसमर्थन देऊ नये, पण सहीही मागे घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत या साधनसंपत्तीच्या नियमांवर जी चर्चा चालू आहे तिथे सुरक्षा क्षेत्रांना कालमर्यादा आणि विकसनशील देशांना लाभाचा वाटा, या दोन मागण्या नेटाने लावून धराव्यात. निर्णय काहीही झाला, तरी १९६७ च्या कराराच्या सहाव्या कलमानुसार भारतीय खासगी कंपनीच्या चंद्रावरील प्रत्येक कृतीची आंतरराष्ट्रीय जबाबदारी भारत सरकारवरच राहील, आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवण्याचे कामही सरकारलाच करावे लागेल.