राखाडी झाकणाची १० मिलीची ट्यूब: रक्तातलं अल्कोहोल किती टिकवते?

कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये राखाडी झाकणाच्या ज्या ट्यूबा पडलेल्या असतात, त्या रक्तातली साखर तपासायच्या. २ मिलीच्या, आणि फ्लोराइड मिलीमागे साधारण २.५ मिग्रॅ. तपासणी होईपर्यंत ग्लुकोज तसंच राहावं, एवढंच त्यांचं काम. दारूच्या एमएलसीत, म्हणजे पोलीस केसमध्ये, रक्त घ्यायचं म्हटलं की घाईत हात तिकडेच जातो, कारण झाकणाचा रंग तोच. इथे परीक्षण आहे ते तिच्या थोरल्या बहिणीचं: बीडी कंपनीची व्हॅक्युटेनर, म्हणजे आतल्या व्हॅक्युमने रक्त आपणच ओढणारी १० मिलीची काचेची ट्यूब, आत १०० मिग्रॅ सोडियम फ्लोराइड आणि रक्त गोठू नये म्हणून २० मिग्रॅ पोटॅशियम ऑक्झलेट. पूर्ण भरली तर फ्लोराइड एक टक्का, म्हणजे मिलीमागे १० मिग्रॅ पडतं.

हा चौपट फरक कशासाठी, तर जंतूंसाठी. रक्तपेशींनी ग्लुकोज खाणं थांबवायला थोडं फ्लोराइड पुरतं. पण कँडिडासारखं यीस्ट नमुन्यात शिरलं आणि ट्यूब उष्ण जागी पडून राहिली, तर ते ग्लुकोजचं अल्कोहोल करतं. त्याला रोखायला एक टक्क्याच्या आसपास मात्रा लागते. अर्थात जिवंत माणसाच्या स्वच्छ घेतलेल्या नमुन्यात अल्कोहोल वाढल्याची उदाहरणं विरळाच. वाढतं ते शवविच्छेदनाच्या रक्तात, किंवा मधुमेह्याच्या साखर आणि यीस्ट असलेल्या लघवीत. एरवी घट होते. ही घट ट्यूब थांबवू शकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हिमोग्लोबिनवरच्या ऑक्सिजनमुळे अल्कोहोलचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं, उष्णतेत ते वेग घेतं, आणि फ्लोराइडचा त्यावर इलाज नाही. इलाज फ्रीजचा, ४ अंश सेल्सियस.

आकाराचा फायदा कायद्याच्या बाजूनेही आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे १९५९ चे नियम किमान ५ सीसी रक्त मागतात, आणि नमुना सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचायला सांगतात. मुंबईत तो जातो सांताक्रूझच्या कालिना लॅबला, म्हणजे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेला. २ मिलीच्या ट्यूबमध्ये ५ सीसी बसत नाहीत, विषय संपला. मोठीत ५ सीसी घेतले तर ती अर्धीच भरते आणि फ्लोराइड दुप्पट, म्हणजे दोन टक्के होतं. टिकण्याच्या दृष्टीने ते चालतं. मात्र वर हवा जास्त उरते, आणि बूच उघडलं की त्या हवेतलं अल्कोहोल निघून जातं. म्हणून शीर धड असेल तर ८-१० मिली घ्यावं आणि मधल्या कुणीही बूच काढू नये.

वापरण्याआधी ट्यूब उजेडात धरून तळाशी पांढरी पूड दिसते का ते बघा. नसेल तर बाजूला ठेवा. सुई काढल्यावर ट्यूब लगेच आठ-दहा वेळा सावकाश पूर्ण उलटी-सुलटी करायची. नुसती मनगटाने हलवली तर पूड तळाला चिकटून राहते आणि वर गुठळी धरते. नियमांत जोराने हलवा असं लिहिलंय. त्याने थोड्या पेशी फुटतील, पण अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्राला, गॅस क्रोमॅटोग्राफला, त्याचं सोयरसुतक नसतं. गुठळी मात्र महागात पडते. गुठळी सोडून वरचा द्रव मोजला तर त्यात पाणी जास्त, म्हणून अल्कोहोलही साधारण १५ टक्के जास्त. खरे २७ मिग्रॅ असतील तर आकडा ३१ येतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमातली मर्यादा आहे १०० मिलीमागे ३०.

त्वचा पुसायला स्पिरिट नको, हे सगळ्यांना पाठ असतं. हँड रबचं, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरचं, कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक हँड रबमध्ये १-प्रोपॅनॉल असतं, आणि काही लॅबमध्ये अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यात ठरावीक मात्रेत मिसळायला, हेच, म्हणजे एन-प्रोपॅनॉल, वापरतात. बाहेरून तेच शिरलं तर यंत्राच्या आलेखात मानकाचं शिखर फुगतं आणि इथेनॉलचा आकडा खाली येतो. हात कोरडे होऊ द्या, मग ग्लव्ह्ज घाला. ज्या हातात सलाइन चालू आहे तो हात सोडून दुसऱ्या हाताची शीर धरा.

आता तक्रारी. ट्यूब काचेची आहे, त्यामुळे डीप फ्रीझरमध्ये भरलेली ठेवली तर तडकते. साध्या फ्रीजमध्येच ठेवा, तोही दरवाजाच्या कप्प्यात नको. कागदी लेबल फ्रीजमधल्या दमटपणाने ओलं होतं आणि शाई फुटते, तेव्हा बॉलपेनने लिहून वर पारदर्शक टेप लावा. छेडछाड दाखवणारं सील सोबत येत नाही, लाख आपणच लावायची. (ती वितळवायला स्पिरिटचा दिवा त्याच टेबलावर पेटवतात! बंद ट्यूबला धोका नाही, पण उलटतपासणीत वकील ते विचारणारच.) कोऱ्या ट्यूबा ४ ते २५ अंशांत ठेवायच्या असतात. एसी नसलेल्या स्टोअररूममध्ये मे महिन्यात त्या तशा राहत नाहीत, व्हॅक्युम कमी होतो आणि रक्त मध्येच थांबतं. भरलेली ट्यूब मुद्देमालाच्या कपाटात चार दिवस पडली तर वरची सगळी काळजी पाण्यात.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत घ्यायला गेलात तर ‘फ्लोराइड ट्यूब द्या’ म्हणू नका, दुकानदार साखरेची काढून देईल. ‘१० मिली, फ्लोराइड-ऑक्झलेट, काच’ असं मागा, लेबलावर १०० मिग्रॅ वाचा, मुदत बघा. वर्षाला दहा-बारा केस येणाऱ्या नर्सिंग होमने मोठा खोका घेऊ नये. ट्यूबा पडून राहतील आणि मुदत संपल्यावर व्हॅक्युमचा भरवसा नाही.