सिल्व्हर मेपलच्या झाडाची खोडं फाटू नयेत म्हणून केबल आणि रॉड मारून घेतला, न्यू जर्सीतल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. काम एक नंबर, एक स्टार का कापला ते खाली सांगते.

आमच्या बॅकयार्डात भलामोठा सिल्व्हर मेपल आहे, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर त्याला दोन सारखीच जाड खोडं फुटलीयेत आणि त्यातलं एक बरोब्बर मुलांच्या बेडरूमवर कललंय. बेचकं यू सारखं गोल असतं तर एवढं टेन्शन नव्हतं, पण हे व्ही सारखं चिंचोळं, दोन्ही बाजूंची साल आत दुमडून मध्ये अडकलेली, म्हणजे लाकडाला लाकूड नीट जुळलेलंच नाही. त्यात वरून हातभर चीर गेलेली. २०१२ च्या सँडी आणि २०२० च्या इसायस वादळात इकडे किती झाडं आडवी झाली ते इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

पहिला जो माणूस आला तो म्हणाला वरून सगळं छाटून टाकतो, कमी पैशात होईल. अशी मुंडकी उडवली की जिथे कापलं तिथून लांबलचक नवे धुमारे फुटतात आणि त्यांची पकड कच्ची असते, म्हणजे थोड्या वर्षांनी तेच दुखणं, वर झाडाची रया गेली ती गेलीच. दुसऱ्याने सांगितलं दोन्ही खोडांना वायर गुंडाळून आवळून देतो. त्याला दारातूनच थँक्यू म्हटलं, कारण फांदी जाड होत जाते, वायर सालीत रुतते, सालीतूनच अन्न खाली येत असतं ते अडतं आणि फांदी हळूहळू मरते.

तिसऱ्या कंपनीचा माणूस लायसन्स्ड ट्री एक्स्पर्ट होता (न्यू जर्सीत हे लायसन्स असतं, कोणालाही बोलवायच्या आधी नंबर चेक करा). त्याने आधी बुंध्याभोवती फिरून लाकडी हातोड्याने ठोकून बघितलं, कुठे पोकळ वाजतंय का, मुळांपाशी माती उकरून बघितली, मग स्पष्ट सांगितलं की बुंधा किंवा मुळं कुजलेली असती तर मी केबल लावलीच नसती, झाड काढायलाच सांगितलं असतं. इथेच तो मला पटला.

काम थंडीत केलं, पानं नसताना, तेव्हा फांद्यांवर वजन कमी असतं. बेचक्यापासून शेंड्यापर्यंत जेवढी उंची त्याच्या साधारण दोन-तृतीयांशावर दोन्ही खोडांना आरपार भोक पाडून आय बोल्ट (टोकाला कडी असलेले बोल्ट) बसवले आणि मध्ये गॅल्वनाइज्ड स्टीलची केबल. एवढ्या वर का, तर तिथे लिव्हरेज मिळतं, खाली लावली तर केबलवर ताण कितीतरी पटीने वाढतो. आधी हँड विंचने (हाताने फिरवून ओढायचं यंत्र) दोन्ही खोडं किंचित जवळ ओढली, केबल अडकवली, मग विंच सैल केला. आणि खाली चिरेच्या जागी जाड आटे पाडलेला रॉड आरपार घालून दोन्हीकडे वॉशर आणि नट. ड्रिल चालू असताना खाली पडणारा भुसा तो माणूस चिमटीत घेऊन बघत होता, पांढरट आणि ताजा असेल तर लाकूड निरोगी, तपकिरी भुगा आला तर आत कूज. आमचा पांढरा निघाला बाबा एकदाचा!

झाडाला भोक पाडतायत हे बघून पुण्याहून आलेले आमचे बाबा जाम वैतागले होते. पण छोटं भोक झाड आतून बंदिस्त करतं आणि बाहेरून त्यावर नवीन लाकूड चढवतं, आवळलेल्या वायरपेक्षा हे शंभर पटीने बरं. मग बाबांना ते तेलंगणातलं पिल्ललमर्रीचं वडाचं झाड आठवलं, त्याच्या फांद्यांना खालून खांब दिलेत. तो टेकू झाला, फांदी आडवी आणि जड असेल तेव्हाचा, आमचं दुखणं वेगळं.

केबलऐवजी ‘कोब्रा’ ब्रँडसारखा पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) दोरही मिळतो, त्याला भोक लागत नाही आणि झाडाला थोडं डुलायला मिळतं, पण चीर आधीच गेली असेल तर स्टीलच हवं असं त्या ट्री एक्स्पर्टचं म्हणणं, शिवाय दोर काही वर्षांनी बदलावा लागतो.

खर्च केबल-रॉड मिळून अकराशे डॉलरच्या आसपास, झाड काढायचं कोटेशन चार हजारांच्या वर होतं. आता स्टार का कापला: केबलचं इन्स्पेक्शन नियमित करून घ्यावं लागतं आणि झाड वाढलं की कधीतरी आणखी वर नवीन केबल लागते, हे सगळं बिल दिल्यावर कळलं, कोटेशनमध्ये एक अक्षर नव्हतं. इन्स्पेक्शनचे पैसे वेगळे, तेव्हा आधीच लिहून घ्या. आणि लॉनवर गाडीच्या चाकांचे चर पडलेत ते अजून तसेच आहेत.

गॅरंटी कोणीच देत नाही, देत असेल तर त्याला घेऊ नका. केबलने रिस्क कमी होते, संपत नाही, मोठं वादळ असेल तेव्हा मुलं अजूनही खालच्या मजल्यावर झोपतात. आणि तुमच्याकडे ब्रॅडफर्ड पेअर (शोभेचं नाशपातीचं झाड) असेल तर या भानगडीत पडू नका, त्याच्या सगळ्या फांद्या एकाच जागेतून चिंचोळ्या फुटतात, किती ठिकाणी बांधणार, सरळ काढून दुसरं लावा.