ठाण्यातच भाड्याने राहावे की खारघरला जावे?

नौपाडा, पाचपाखाडी, चरई या जुन्या ठाण्यातील कितीतरी इमारती सध्या पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत आणि तेथील कुटुंबांना विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यावर तीन-चार वर्षे दुसरीकडे काढावी लागत आहेत. त्याच सुमारास घरातील मुलाची किंवा मुलीची बारावी होत असेल, तर हलायचेच आहे म्हटल्यावर कॉलेजांजवळच का हलू नये, असा विचार सुरू होतो आणि बहुतेक वेळा नवी मुंबईतील खारघरचे नाव निघते. हा विचार चुकीचा नाही. मात्र खारघरला जाण्याचा लाभ कोणाला आणि किती होणार, हे प्रत्येक घरात वेगळे ठरते. ते आधी पाहावे आणि मगच सामान बांधावे, असे मला वाटते.

सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या नवी मुंबईतील नेरुळ, वाशी आणि बेलापूर येथेही मोठी महाविद्यालये आहेत. तरीही विद्यार्थ्यांचे गाव म्हणावे असे रूप खारघरला आले आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था म्हणजे निफ्ट, भारती विद्यापीठ, सरस्वती अभियांत्रिकी महाविद्यालय, ए. सी. पाटील महाविद्यालय, आयटीएम अशा संस्था येथे जवळजवळच्या सेक्टरांत आहेत आणि टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्रही येथेच आहे. त्यामुळे झेरॉक्सची दुकाने, खानावळी, पीजी आणि अभ्यासिका यांची वाण नाही. ठाण्यात महाविद्यालये कमी नाहीत, पण ती शहरभर विखुरलेली आहेत: जोशी-बेडेकर आणि बांदोडकर खाडीजवळ, ए. पी. शहा अभियांत्रिकी थेट घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला.

येथे एक मुद्दा पालकांनी नीट समजून घ्यावा, कारण संपूर्ण निर्णय त्यावर उभा आहे. कॉलेजच्या शेजारी राहिल्याने प्रवेश मिळत नाही. अभियांत्रिकीची जागा सीईटीच्या गुणांवर आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्यांवर ठरते, तर निफ्टसाठी देशपातळीवरील परीक्षा असते. ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्याच क्षेत्रात येत असल्यामुळे ठाण्याचा पत्ता बदलून खारघरचा केल्याने कोणताही अधिकचा हक्क निर्माण होत नाही. मे महिन्यात खारघरला बिऱ्हाड हलवावे आणि नंतरच्या फेरीत माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेत जागा मिळावी, अशी वेळ आली तर आनंद होईलच. पण ठाण्याहून जिथे मध्य रेल्वेने थेट पोहोचता आले असते, तिथे आता हार्बर मार्गाने लांबचा फेरा घेऊन पोहोचावे लागेल. म्हणून इमारत रिकामी करण्याची तारीख आणि प्रवेशाच्या फेऱ्या एकाच काळात येत असतील, तर पहिला करार ठाण्यातच करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

जागा नवी मुंबईतच मिळाली, तरी लगेच हलणे भाग आहे असे नाही. ठाणे-वाशी मार्ग 2004 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला आणि आज ठाण्याहून वाशी, नेरुळ व पनवेलच्या थेट लोकल सुटतात. वाशी किंवा नेरुळचे कॉलेज असेल, तर ठाण्यात राहून रोज जाणे-येणे सहज जमते. खारघरला गाडीत साधारण पाऊण तास जातो. त्यात घर ते स्थानक आणि स्थानक ते कॉलेज हे अंतर मिळवले, की दिवसाचे अडीच तास प्रवासात जातात. प्रात्यक्षिके आणि सबमिशन सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे अडीच तास मोलाचे आहेत, यात शंका नाही. पण घरातील दुसरी व्यक्ती मुंबईत नोकरीला असेल, तर तिचा हिशेबही त्याच कागदावर मांडला पाहिजे. ठाण्याहून सीएसएमटीला जलद लोकल पाऊण तासाच्या आसपास पोहोचवते. खारघरहून मात्र जलद गाडीच नाही. हार्बरची लोकल प्रत्येक स्थानक घेत सव्वा तासाच्या आसपास लावते. हार्बरच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: पनवेलहून निघालेली गाडी तिसऱ्याच थांब्याला खारघरला येते, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता ठाण्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

खारघरच्या आतील अंतरेही फसवी आहेत. तिशीच्या पुढील सेक्टर स्थानकापासून काही किलोमीटर आत, तळोज्याच्या दिशेने आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर ते पेंधर ही 11 स्थानकांची मेट्रो सुरू झाल्यापासून या भागाची मोठी सोय झाली आहे. मात्र ती बेलापूरला लोकलशी जोडते, खारघर स्थानकाशी नाही, हे ध्यानात ठेवून घर पाहावे.

घराच्या बाबतीत खारघर उजवे ठरते. त्याच भाड्यात नौपाड्यापेक्षा मोठे, हवेशीर आणि पार्किंगची सोय असलेले घर तेथे मिळण्याची शक्यता अधिक असते. रस्ते रुंद आहेत, पाठीशी डोंगर आहे आणि सेंट्रल पार्कसारखे फिरण्याचे ठिकाण जवळ आहे. शोध मात्र जून-जुलैच्या आधी पूर्ण करता आला तर बरे, कारण प्रवेशाच्या दिवसांत चार-पाच विद्यार्थी मिळून एक घर घेतात आणि घरमालकाला कुटुंबाच्या एका भाड्यापेक्षा त्यांची एकत्रित रक्कम अधिक परवडते. काही सोसायट्या मात्र विद्यार्थ्यांचे असे गट नकोत म्हणून फक्त कुटुंबांना घर देतात. तेथे तुमची बाजू भक्कम राहील.

पाणी आणि हवा हे दोन विषय मात्र दलाल आपणहून काढणार नाही. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, पण खारघर त्या महापालिकेत नाही. ते पनवेल महापालिकेत, रायगड जिल्ह्यात आहे आणि तेथील पाणी मुख्यतः सिडकोमार्फत हेटवणे धरणातून येते. उन्हाळ्यात कमी दाबाच्या तक्रारी नेमाने होतात. ठाण्यात घोडबंदर पट्ट्यातील नव्या संकुलांनाही टँकर नवीन नाहीत, त्यामुळे तुलना नौपाड्याशी करायची की घोडबंदरशी, यावर उत्तर बदलते. हवेचा प्रश्न मात्र खारघरचा स्वतःचा आहे: तळोजा औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या रासायनिक वासाबद्दल तेथील रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत, आणि हा वास बहुधा रात्री किंवा पहाटे जाणवतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर केवळ या एका कारणासाठी खारघरला नाही म्हणणे मला योग्य वाटते.

आजी-आजोबांचा विचार अशा चर्चेत शेवटी येतो आणि तो आधी यायला हवा. जुन्या ठाण्यात त्यांचे डॉक्टर, भाजीवाला, देऊळ आणि तलावपाळीचा फेरा पायी अंतरावर असतात. 1893 मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गडकरी रंगायतन त्याच परिसरात आहेत. खारघरहून नाटकाला जायचे तर पनवेलचे फडके नाट्यगृह किंवा वाशीचे भावे नाट्यगृह गाठावे लागते. वैद्यकीय सोय तेथे नाही असे मुळीच नाही, कामोठ्याचे एमजीएम रुग्णालयही जवळच आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ओळखीची गल्ली सोडून सेक्टर क्रमांकांच्या वस्तीत दिवसभर एकटे बसणे, हा खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. मूल कॉलेजला आणि आई-वडील कामाला गेल्यावर घरात जो राहतो, त्याचे मत सर्वांत आधी विचारावे.

तेथे राहिल्यावर घर विकत घेण्याचा मोह होतो. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते, हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते, आणि पनवेल महापालिका 2016 मध्ये स्थापन झाल्यापासूनच्या मालमत्ता करावरून रहिवाशांचा दीर्घ वाद झाला आहे. त्यामुळे मागील थकबाकीचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

माझा कौल असा आहे. जागा खारघरच्याच कॉलेजात मिळाली, मुंबईला रोज जाणारे घरात कोणी नाही किंवा नोकरी बेलापूर-तळोज्याच्या बाजूला आहे, आणि वडीलधारी माणसे मनापासून तयार आहेत, तर अकरा महिन्यांच्या करारावर जावे. यांपैकी एखादी गोष्ट जरी जुळत नसेल, तर ठाण्यातच राहून मुलाला पहिले सत्र लोकलने जाऊ द्यावे आणि फारच ओढाताण झाली तर त्याच्यापुरते वसतिगृह पाहावे. खारघरचे घर पक्के करण्यापूर्वी एकदा रात्री दहानंतर तेथे जाऊन खिडकी उघडून उभे राहावे, सोसायटीच्या कार्यालयात एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले मागावीत आणि सकाळी आठ वाजता त्या इमारतीपासून स्थानकापर्यंत रिक्षा मिळते का, हे स्वतः उभे राहून पाहावे.