‘रीफ टँकचे रॉक’ सांगून कॉपर मारलेला माल गळ्यात मारला, ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो सांभाळा

मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक) ठेवणाऱ्यांनी हे वाचाच, खास करून सेकंडहँड रॉक घेणाऱ्यांनी. घोडबंदर रोडला एक दुकानदार सेटअप मोडतोय म्हणून रॉक आणि वाळू स्वस्तात काढत होता. मी व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं होतं, दादा यात कधी कॉपर (माशांच्या रोगावर टाकतात ते तांब्याचं औषध) टाकलंय का, तर म्हणाला "नाही हो सर, प्युअर रीफ सिस्टीम, कोरल होते यात", वर कोरलचा फोटोपण पाठवला. चॅट आणि यूपीआयची पावती दोन्ही आहे माझ्याकडे.

माल नेरुळला आणून टँक लावला, आरओ-डीआयचं (गाळून शुद्ध केलेलं) पाणी, अमोनिया नायट्राइट शून्य, सॅलिनिटी १.०२५. क्लाऊन माशांची जोडी मस्त, दाणे टाकले की वर यायची. पण गोगलगायी काच धरेनात, उलट्या पडल्या की तशाच, आणि क्लीनर श्रिंप कात टाकताना अर्धवट अडकला, नुसत्या पांढऱ्या मिशा हलत होत्या, बघवत नव्हतं हो. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव पटापट जातायत म्हटल्यावर पहिला संशय कॉपरचाच. माशांना इक (पांढऱ्या ठिपक्यांचा आजार) झाला की आयॉनिक कॉपर ०.१५ ते ०.२ पीपीएमच्या आसपास ठेवतात, मासे ते झेलतात, श्रिंपला तेवढं विषच.

संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) पॉलीफिल्टरचा, म्हणजे कॉपर शोषलं की निळा होणाऱ्या पॅडचा, तुकडा ठेवला तर पांढऱ्याचा निळा झाला. मग पाणी बदल, कार्बन, क्युप्रिसॉर्ब (कॉपर शोषणारं मटेरियल) सगळं केलं, कॉपरचं रीडिंग खाली यायचं आणि परत चढायचं, कारण कॉपर रॉक आणि अरागोनाइट वाळूतल्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. वाशीच्या एका मित्राने याच दुकानदाराकडून मासे घेतलेले, तो म्हणाला तिथे सगळे टँक एकाच संपवर आणि कॉपर कायम चालू. म्हणजे त्या माणसाला पक्कं माहीत होतं, तरी तोंडावर खोटं बोलला, मला राग त्याचा आहे.

घ्यायचेच असतील तर चालू टँकमध्ये त्या रॉकवर जिवंत गोगलगायी, श्रिंप स्वतः जाऊन बघा, फोटोवर अजिबात जाऊ नका. सेटअप आधीच मोडलेला असेल तर दोन-तीन तुकडे आणून बादलीत खाऱ्या पाण्यात पंप लावून आठवडाभर ठेवा आणि पॉलीफिल्टर टाकून बघा, निळा झाला की विषय संपला. टीडीएस मीटर यात काही कामाचा नाही, खाऱ्या पाण्यात त्याला कॉपर वेगळं कळत नाही.

मी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार केलीय, पुढे ग्राहक आयोगात जाणार, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथे केस टाकता येते. दुकानदार आता म्हणतो रॉक परत आणा, अर्धे पैसे देतो. नाही नेणार, कारण हेच रॉक तो उद्या अजून कुणाला तरी ‘प्युअर रीफ’ सांगून विकेल.