पहिलं मिग-२१: ब्रशने रंगवायचं की एअरब्रशने?

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून कपाटात प्लास्टिकचं किट जोडून केलेलं एक तरी छोटं मिग हवं असं म्हणणारे बरेच भेटतात. जोडणीचं कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच: एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारं पेन, घेऊ का?

पैशाचं आधी उरकतो. ब्रशवाल्याला तीन-चार चांगले ब्रश आणि रंग पुरतात. एअरब्रशच्या मागून कॉम्प्रेसर, पाणी अडवणारा ट्रॅप, मास्क असं सगळं वऱ्हाड येतं. ठाण्यातल्या वन बीएचकेत ते खिडकीशी मांडायचं आणि ताटं घ्यायच्या आत आवरायचं.

काम मात्र एअरब्रशचं देखणं. थर पातळ बसतो, पंखावरच्या बारीक खाचा बुजत नाहीत. ब्रशनेही जमतं, पण रंग दुधाइतका पातळ करून तीन-चार हात मारावे लागतात, तेही आधीचा हात खडखडीत वाळल्यावर. इथे रंगाची जात बघा. व्हॅलेहोचे पाण्यावरचे रंग ब्रशला छान. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे दुसरा हात पहिल्याला उचलून आणतो. एअरब्रशमधून तेच सुरेख बसतात.

आता आपला पाऊस. कॉम्प्रेसर हवा दाबतो, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ट्रॅप भरला की थेंब थेट पंखावर. माझ्या एका मिगवर जुलैतला असा डाग आहे, त्यावर हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ थोडं सरकवून चिकटवलंय. (जाणकाराला लगेच कळतं.) लॅकर (थिनरवरचा, झटपट वाळणारा रंग) तर दमट हवेत पांढुरकं पडतं. ब्रशवाल्याचं एवढंच होतं की वाळायला वेळ लागतो.

खरा निकाल कुठलं मिग हवंय यावर लागतो. सुरुवातीची एफएल (मिग-२१चाच एक प्रकार) विमानं बिनरंगाची, उघड्या धातूची होती. ती चकाकी ब्रशने येत नाही, प्रत्येक फटकारा उठून दिसतो. पण १९७१च्या युद्धात त्याच विमानांवर घाईघाईत कॅमोफ्लाज चढवला गेला. ते करायचं असेल तर ब्रश घ्या, कडा जरा वेड्यावाकड्या आल्या तर शोभतातच.

ब्रश घेतलात तर १/७२चंच किट घ्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर पट लहान. पंखांचा विस्तार १० सेंटिमीटरच्या आसपास. १/४८मध्ये तो १५ होतो, पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट, आणि ब्रशच्या रेघा तिथेच दिसतात. अस्तर मात्र दोघांनीही स्प्रे कॅनने द्यावं, गच्चीत, वारा नसताना.

किट पावसाळ्यात आणलं असेल तर कॉकपिट, चाकं, क्षेपणास्त्रं आधी घ्या. ती एअरब्रशवालेही बहुतेक ब्रशनेच रंगवतात. कॉम्प्रेसरचं दिवाळीनंतर बघू.