फो, राइस पेपर आणि बाकीचा लांबलचक मेन्यू: काही महिन्यांचा अनुभव

मेन्यूत थाई करी आहे, सुशी आहे, डिमसम, खाऊ स्वे, बाओ, रामेन, सगळं आहे. त्यात व्हिएतनामचं पान एकच. कोरेगाव पार्कातल्या या हॉटेलात गेले काही महिने दुपारी, रात्री, गर्दीत, निवांत असं सगळ्या वेळी जेवून झाल्यावर एक नक्की सांगता येतं: इथं जायचं ते त्या एका पानासाठी, आणि शक्यतो दुपारी.

दुपारी का, ते फोवरून कळतं. फो (हाडं उकळून केलेल्या पातळ रश्श्यात, म्हणजे ब्रॉथमध्ये, तांदळाच्या नूडल्स) मुळात उत्तर व्हिएतनामचा, बीफच्या हाडांचा. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे म्हशीचं मांस नाहीतर चिकन. चिकनचा फो म्हणजे काही तडजोड नव्हे, हनोईत तो स्वतंत्र पदार्थ म्हणून खातात. चिकनच्या हाडांच्या ब्रॉथला मंद आचेवर तीन-चार तास लागतात. आलं आणि कांदा थेट आचेवर काळे पडेपर्यंत भाजून घालायचे. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने आणि मसाला वेलची कोरडी भाजून पुरचुंडीत बांधायची, शेवटच्या तासाभरात सोडायची आणि वेळेत बाहेर काढायची. इथं दुपारी साडेबारा-एकला मिळणारा ब्रॉथ स्वच्छ, फिकट सोनेरी, वर तेलाचे बारीक थेंब. रात्री नऊनंतर तेच पातेलं दिवसभर गरम राहिलेलं असतं. पाणी आटून मीठ चढतं, आणि पुरचुंडी आतच राहिली असेल तर चक्रीफूल बाकी सगळ्याला गिळून टाकतं, जिभेवर कडवट औषधी चव राहते. ब्रॉथ गढूळ आला तर तो खळखळ उकळलाय असं समजावं: चरबी आणि प्रथिनं त्यात फेटली जातात आणि पुन्हा बसत नाहीत.

वाडगा आला की आधी नुसता ब्रॉथ दोन चमचे प्या. मग लिंबू, मग मिरची. होईसिन सॉस सरळ वाडग्यात ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यानं पाच मिनिटांत सगळं गोड आणि तपकिरी होऊन जातं. तो छोट्या वाटीत घ्या, चिकनचा तुकडा त्यात बुडवून खा. तांदळाच्या नूडल्स उकळत्या पाण्यात दहा-वीस सेकंदच धरलेल्या असतात, पुढचं शिजणं वाडग्यात होतं. म्हणून फोटो काढत बसू नका. दहा मिनिटांनी त्या फुगतात, ब्रॉथ पितात आणि चमच्यानं तुटायला लागतात. ब्रॉथ कोमट आला तर बिनदिक्कत परत पाठवा. वेटर हुज्जत घालत नाहीत, उकळी काढून आणतात.

गोई कुऑन, म्हणजे न तळलेले राइस पेपर रोल, ही इथली दुसरी खासियत. तांदळाचं पातळ पीठ कापडावर वाफवून जाळीवर वाळवलं की राइस पेपर होतो. आपल्या तांदळाच्या फेण्यांचीच जात, फक्त हा तळायचा नाही, भिजवायचा. साध्या पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवून लगेच काढायचा, तो ताटलीवर सारण भरेपर्यंत आपोआप मऊ होतो. जास्त भिजला की गुंडाळतानाच फाटतो. ताजा रोल किंचित चिकट असतो, आतली कोळंबी आणि पुदिन्याचं पान आरपार दिसतं. शनिवार-रविवारी संध्याकाळी इथं रोल आधीच करून फ्रिजमध्ये ठेवतात, आणि घोटाळा तिथंच होतो. थंडीत स्टार्च घट्ट होतो, कडा पांढुरक्या पडतात, चावताना रबर लागतं. आठवड्यातल्या दुपारी ऑर्डर दिल्यावर दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे समोर बनतायत. तेवढं थांबावं.

सोबतचा नुऑक चाम (रोल बुडवून खायचा सॉस) मात्र इथं कायम गोड. फिश सॉस, साखर, लिंबाचा रस एकेक वाटा आणि पाणी तीन-चार वाटे, वर लसूण-मिरची, असा तो हवा. लिंबाची एक फोड जास्तीची मागून पिळली की जागेवर येतो.

शाकाहारी मंडळींसाठी हे नीट वाचण्यासारखं आहे. “व्हेज आहे का?” असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा मांसाच्या तुकड्यांपुरतं मिळतं. प्रश्न तोडून विचारा: फिश सॉस आहे का, ऑयस्टर सॉस आहे का, करीच्या पेस्टमध्ये सुकी कोळंबी आहे का, किमचीत मासळी आहे का, मिसो सूपचा दाशी (मूळ ब्रॉथ) कशाचा. इथं व्हेज फोचा ब्रॉथ वेगळा करतात (मुळा, गाजर, शिताके मशरूम, भाजलेला कांदा) आणि तो खरंच चांगला आहे. पण थाई करीची पेस्ट व्हेज-नॉनव्हेज दोन्हींसाठी एकच आहे, हे शेफला विचारल्यावरच कळलं, मेन्यूवर हिरवा ठिपका होता. ही चूक गंभीर आहे, सांगूनही ठिपका तसाच आहे. तळणीचं तेलही वेगळं नाही. जैन जेवणाऱ्यांनी फोच्या वाटेला जाऊ नये: कांदा ब्रॉथमध्येच शिजलेला असतो, मागाहून काढता येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बसल्या बसल्या सांगा, कूट सॅलडपासून सॉसपर्यंत सगळीकडे असतो.

पाद थाई मागवताना दोन प्लेट एकदम सांगू नका. दोन्ही एकाच वोकमध्ये टाकतात, वोकची आच पडते, नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात आणि लगदा होतो. एक संपत आली की दुसरी सांगा. चिंचेचा आंबटपणा इथं खरा आहे, केचप नाही. डिमसम ठीक, गरम असतानाच खायचे. सुशी सोडून द्या.

बान्ह मीचा (व्हिएतनामी सँडविचचा) पाव पावसाळ्यात मार खातो. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत कवच चामट होतं. ओव्हनमध्ये तीन मिनिटं टाकून द्या म्हणून सांगितलं की फरक लगेच कळतो. आतलं गाजर-मुळ्याचं लोणचं मस्त करकरीत.

कॉफी आवर्जून घ्या. व्हिएतनाम ब्राझीलच्या पाठोपाठ जगातला दुसरा मोठा कॉफी उत्पादक, आणि पीक मुख्यतः रोबस्टा या कडक जातीचं. म्हणून कॉफी कडक, कंडेन्स्ड मिल्क पेलून नेणारी. फिन फिल्टर (कपावर ठेवायची छोटी गाळणी) टेबलावर आणायला सांगा. थेंब-थेंब गळून चार-पाच मिनिटं लागायला हवीत. मिनिटभरात धार लागली तर पूड जाड आहे किंवा वरची चकती सैल, कॉफी पाणचट होणार.

दोघांचं जेवण साधारण दोन हजारांत होतं. बिलात 5 टक्के जीएसटी बरोबर आहे, पण खाली सर्व्हिस चार्जही आपोआप लावलेला असतो. तो असा लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढा म्हटलं की काढतात. गाडी लावायला जागा मिळणं अवघड. बंडगार्डन मेट्रो स्टेशनवरून रिक्षा सोपी पडते.

पार्सलमध्ये रोल आणि बान्ह मी मागवूच नका. फो चालतो, कारण ब्रॉथ आणि नूडल्स वेगळे देतात. घरी ब्रॉथला खळखळून उकळी आणा, नूडल्सवर आधी उकळतं पाणी ओतून लगेच निथळून घ्या, मगच वाडग्यात एकत्र करा. डब्यातला ब्रॉथ नुसता मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून ओतला तर नूडल्सचा गोळा सुटत नाही.